खोडदच्या शेताखालून जाणारा रेडिओ: फायबरमधून रेडिओ सिग्नल कसा नेतात?

फायबर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते घरचं ब्रॉडबँड. गल्लीत खोदलेला चर, खांबावरून लोंबणारी काळी केबल, आणि कोपऱ्यातल्या डब्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. त्या काचेच्या तंतूतून शून्य आणि एक जातात, म्हणजे प्रकाश चालू-बंद, चालू-बंद होतो, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण त्याच काचेतून रेडिओ लहर जशीच्या तशी पाठवता येते. तिचं शून्य-एकात रूपांतर न करता, तिच्या सगळ्या चढउतारांसकट. याला 'रेडिओ ओव्हर फायबर' म्हणतात. माझ्या पीएचडीचा विषय याच भागातला आहे, आणि "म्हणजे नेमकं काय?" हा प्रश्न मला नातेवाइकांपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारलेला आहे. या लेखात त्याचं नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. पुण्याहून साधारण ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला, हे तंत्र १९९०च्या दशकापासून रोज वापरात आहे.

तीस कान, एक मेंदू

खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आपली जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण पुण्यातली एनसीआरए ही संस्था चालवते (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग, पुणे विद्यापीठाच्या आवारात). नाशिक रस्त्याने गेलात तर तिच्या पांढऱ्या जाळीदार तबकड्या तुम्ही लांबून पाहिल्या असतील. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०. त्यांतल्या १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने आहेत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन हातांवर पसरल्या आहेत. एकेक हात सुमारे १४ किलोमीटर लांब. सगळ्यात दूरच्या दोन अँटेनांमधलं अंतर २५ किलोमीटर.

एवढ्या पसरवायच्या कशाला? दुर्बीण जितकी मोठी तितकं चित्र बारीक दिसतं. २५ किलोमीटर व्यासाची एकच तबकडी बांधणं अशक्य. म्हणून लहान तबकड्या लांब लांब ठेवायच्या, प्रत्येकीला आलेली लहर एका ठिकाणी आणायची आणि एकमेकींशी जुळवून पाहायची. एकच लहर या अँटेनापाशी कधी पोचली आणि त्या अँटेनापाशी कधी, या फरकातून आकाशातल्या स्रोताची जागा आणि आकार कळतो.

इथे एक अट आहे, आणि पुढचा सगळा लेख तिच्याभोवतीच फिरतो. नुसती लहरीची ताकद मोजून चालत नाही. लहर चढावर आहे की उतारावर, म्हणजे तिची 'फेज' किंवा मराठीत कला, तीसुद्धा मध्यवर्ती इमारतीपर्यंत शाबूत पोचली पाहिजे. वाटेत ती विस्कटली तर तीस अँटेना म्हणजे तीस सुटे कान. ऐकतील सगळे, पण आवाज कुठून आला ते कळणार नाही.

तांब्याची तार का नाही?

रेडिओ सिग्नल न्यायची जुनी रीत म्हणजे कोअॅक्सिअल केबल. डिश टीव्हीच्या छत्रीपासून घरात येते तीच, फक्त अधिक जाड. अंगठ्यापेक्षा जाड, चांगल्या प्रतीची केबल घेतली तरी १००० मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्यात दर किलोमीटरला साधारण ४० डेसिबल घट होते.

डेसिबलचा हिशोब सोपा आहे. दर १० डेसिबलला सिग्नल एक दशांश होतो. म्हणजे ४० डेसिबल म्हणजे एक किलोमीटरनंतर सिग्नलचा दहा हजारावा भाग शिल्लक. १४ किलोमीटरनंतर ५६० डेसिबल, म्हणजे एकावर ५६ शून्यं असलेल्या आकड्याने भागायचं! व्यवहारात काय करावं लागेल, तर दर काही शे मीटरवर एक अॅम्प्लिफायर. प्रत्येकाला वीज हवी, प्रत्येकाची स्वतःची खरखर, आणि उन्हाळ्यात प्रत्येकजण आपापल्या मर्जीने तापणार.

आता काच बघा. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला साध्या सिंगल-मोड फायबरमध्ये किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल घट होते. १५५० नॅनोमीटरला तर ०.२ च. म्हणजे १४ किलोमीटरनंतर १३१० चा जवळपास एक तृतीयांश प्रकाश शिल्लक, आणि १५५० चा निम्म्याहून थोडा जास्त. मध्ये एकही अॅम्प्लिफायर नाही.

आणखी दोन फायदे आहेत, आणि जुन्नर तालुक्यात ते दोन्ही महत्त्वाचे. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात एका अँटेनावर वीज पडली तरी निदान सिग्नलच्या वाटेने ती दुसरीकडे पोचत नाही. आणि फायबर स्वतः रेडिओ गोंगाट बाहेर टाकत नाही, बाहेरचा आतही घेत नाही. ज्या दुर्बिणीला आकाशातली अतिशय क्षीण कुजबुज ऐकायची आहे, तिच्या दाराशी किलोमीटरच्या किलोमीटर तांब्याची तार टाकणं म्हणजे आपणच आणखी एक अँटेना उभी करण्यासारखं.

काचेत रेडिओ भरायचा कसा?

प्रकाशाची स्वतःची कंप्रता प्रचंड असते. १५५० नॅनोमीटरला सुमारे १९३ टेराहर्ट्झ, म्हणजे १,९३,००,००,००० लाख... जाऊ द्या, खूपच. आपली रेडिओ लहर त्यापुढे अगदी संथ. मग या वेगवान प्रकाशावर संथ लहर स्वार कशी करायची?

नळाची कल्पना करा. तोटी अर्धी उघडी आहे आणि पाण्याची एकसारखी धार पडते आहे. आता तोटी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, अशी तालात हलवा. धार कधी जाड, कधी बारीक. धारेचा हा जाड-बारीकपणा म्हणजे तुमच्या हाताच्या हालचालीची हुबेहूब नक्कल. लेझर डायोडचं अगदी हेच करतात. त्यात एक ठरावीक विद्युतप्रवाह सोडून त्याला मध्यम तेजावर पेटता ठेवायचा (अर्धी तोटी), आणि त्यावर रेडिओ सिग्नलचा छोटा प्रवाह मिसळायचा. लेझरचं तेज रेडिओ लहरीबरोबर कमी-जास्त होतं. दुसऱ्या टोकाला फोटोडायोड असतो. पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात तो प्रवाह देतो, आणि त्या प्रवाहात मूळ रेडिओ लहर जशीच्या तशी सापडते. झालं! ना मोडेम, ना कोड, ना शून्य-एक.

अर्धी तोटी का? पूर्ण बंद केली तर धार तुटते, पूर्ण उघडली तर आणखी वाढायला जागाच नाही. दोन्हीकडे लहर कापली जाते. मधल्या सरळ भागातच खेळायचं, ही या तंत्राची पहिली शिस्त.

हे तंत्र फक्त दुर्बिणीत असतं असं समजू नका. तुमच्या सोसायटीच्या जिन्यात किंवा गच्चीवर केबलवाल्याचा 'नोड' नावाचा पत्र्याचा डबा असेल, तर त्यात एका बाजूने फायबर आत जातं आणि दुसऱ्या बाजूने काळी कोअॅक्सिअल केबल बाहेर येते. आत बसलेला फोटोडायोड प्रकाशातून टीव्हीच्या सगळ्या चॅनेलांच्या रेडिओ लहरी एकदम बाहेर काढतो. तीच युक्ती. मेट्रोची भुयारी स्टेशनं, विमानतळ, मोठे मॉल अशा ठिकाणी बाहेरच्या टॉवरचा सिग्नल आत शिरत नाही. तिथे एका खोलीतून फायबरने रेडिओ सिग्नल जागोजागच्या छोट्या अँटेनांपर्यंत नेण्याची पद्धतही जगभर वापरात आहे.

जीएमआरटीत काय काय वाहतं?

सुरुवातीच्या जीएमआरटीत अँटेनापाशी आलेला सिग्नल तसाच पाठवत नसत. आधी तो कमी कंप्रतेवर उतरवला जाई. लहरीच्या दोन ध्रुवणांचे दोन सिग्नल, एक १३० मेगाहर्ट्झभोवती आणि दुसरा १७५ मेगाहर्ट्झभोवती, असे शेजारी शेजारी बसवून एकाच फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येत. प्रत्येकाची रुंदी ३२ मेगाहर्ट्झ. त्या काळातल्या इलेक्ट्रॉनिक्सला तेवढंच झेपत होतं.

पण वाट एकेरी नव्हती. उलट दिशेने, इमारतीकडून अँटेनाकडेही प्रकाश जातो. त्यात अँटेनाने कुठे वळायचं वगैरे सूचना असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताल असतो. कंप्रता उतरवायला प्रत्येक अँटेनाला स्वतःची एक स्थिर लहर तयार करावी लागते. तीसही ठिकाणच्या या लहरी एकाच तालावर हव्यात. म्हणून मुख्य घड्याळाचा संदर्भ-सिग्नलही फायबरवरूनच पाठवला जातो. भजनात टाळकरी कितीही लांब बसले तरी पखवाज एकच असावा लागतो, तसं.

मग आली सुधारित जीएमआरटी. गेल्या दशकात दुर्बिणीचे रिसीव्हर बदलले. आता १२५ ते १४५० मेगाहर्ट्झचा बहुतेक सगळा पट्टा चार भागांत ऐकता येतो, आणि एका वेळी ३२ ऐवजी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी मिळते. एवढा रुंद सिग्नल जुन्या १३०-१७५ च्या खणांत मावणारच नव्हता. तेव्हा कंप्रता उतरवण्याची भानगड अँटेनापाशी न करता मूळ रेडिओ सिग्नलच थेट फायबरवर चढवला. त्यासाठी नवीन चर खोदावे लागले का? नाही. १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे वेगळे 'रंग' त्याच काचेत सोडले. एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश एकमेकांना धक्का न लावता जातात. नव्वदच्या दशकात पुरलेली काच, दोन हजार दहाच्या दशकातला सिग्नल. तांब्याच्या बाबतीत असं क्वचितच घडतं.

फुकट काहीच नसतं

आता दुसरी बाजू. हे तंत्र दिसायला सोपं आहे, पण तीन ठिकाणी किंमत मागतं.

पहिली किंमत घटीची, तीही दुप्पट. फोटोडायोडचा प्रवाह प्रकाशाच्या ताकदीच्या प्रमाणात असतो, पण रेडिओ सिग्नलची ताकद प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून प्रकाश निम्मा झाला तर रेडिओ सिग्नल पाव होतो. मघाशी १३१० नॅनोमीटरला १४ किलोमीटरसाठी ४.९ डेसिबल घट आली होती. रेडिओच्या हिशोबात ती ९.८ डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशऐवजी जेमतेम एक दशांश. तांब्यापुढे तरीही हे काहीच नाही, पण कागदावर गणित मांडताना हा दोनचा गुणक पहिल्या वर्षाच्या मुलांना हमखास फसवतो.

दुसरी किंमत खरखरीची. लेझरचं तेज आपोआपही किंचित थरथरत असतं, शिवाय प्रकाश कणाकणाने येत असल्यामुळे फोटोडायोडमध्ये टपटप असतेच. अशा साध्या दुव्याचा गोंगाट तापमानामुळे असणाऱ्या किमान गोंगाटाच्या हजार पट सहज असतो. आणि आकाशातून येतं किती? रेडिओ खगोलशास्त्रात ताकद मोजायचं एकक आहे जान्स्की, म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६ वा घात वॉट. एक जान्स्कीचा स्रोत, ४५ मीटरची तबकडी, ३२ मेगाहर्ट्झ रुंदी असा हिशोब केला तर एका ध्रुवणात हाती येतात सुमारे १० चा उणे १६ वा घात वॉट. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट याच्या काही शे पट. म्हणून अँटेनाच्या तोंडाशीच अतिशय शांत अॅम्प्लिफायर बसवतात आणि सिग्नल कोट्यवधी पट वाढवूनच लेझरपाशी आणतात. एकदा तो पुरेसा मोठा झाला की लेझरची खरखर त्याच्यापुढे नगण्य ठरते.

पण फार वाढवला तर? तोटी टोकाला आपटते. ही तिसरी किंमत, विकृतीची. लेझरचा सरळ भाग संपला की दोन वेगळ्या कंप्रतांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि मुळात नसलेल्या नव्याच कंप्रता जन्माला येतात. जवळच्या मोबाइल टॉवरचा दणदणीत सिग्नल आणि दूरच्या आकाशगंगेची कुजबुज एकाच लेझरमध्ये शिरले, तर टॉवर नुसता स्वतःच्या जागी बसत नाही, भुतासारखा दुसऱ्या चार जागी दिसतो. म्हणून लेझरच्या आधी गाळण्या लावून असे सिग्नल अडवावे लागतात. खालून खरखर, वरून विकृती, आणि मधली जी जागा उरेल तीत काम करायचं. या जागेला 'डायनॅमिक रेंज' म्हणतात. आमच्या क्षेत्रातले निम्मे शोधनिबंध तरी हीच जागा दोन-चार डेसिबलने वाढवण्यासाठी लिहिलेले असतात!

जुन्नरचं ऊन आणि सिग्नलची कला

आता सुरुवातीच्या अटीकडे. कला शाबूत राहिली पाहिजे.

काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. हाताच्या टोकाच्या अँटेनापासून सिग्नल यायला साधारण ७० मायक्रोसेकंद लागतात. हा विलंब ठरलेला असेल तर काही बिघडत नाही, गणितात वजा करून टाकायचा.

पण काच तापली की तिचा अपवर्तनांक बदलतो, थोडी लांबीही बदलते. दर अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे सुमारे ३५ ते ४० पिकोसेकंद विलंब वाढतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीचा एक भाग, त्यामुळे हे फालतू वाटेल. १४ किलोमीटरचा हिशोब करा: एक अंशाला ५०० पिकोसेकंदांहून जास्त. आणि १४०० मेगाहर्ट्झच्या लहरीचं एक अख्खं आवर्तन असतं ७१४ पिकोसेकंदांचं. म्हणजे फायबर सरासरी एका अंशाने तापलं की कला पाऊण फेरी फिरली! चैत्रातलं जुन्नर आठवा, दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. हे फायबर खांबांवरून नेलं असतं तर काय झालं असतं?

उपाय अगदी गावठी आणि अगदी उत्तम: फायबर जमिनीत पुरायचं. माती उष्णता फार हळू वाहून नेते. दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट वीतभर खोलीतच बरीच मंदावते, आणि मीटरभर खाली तर जवळपास पोचतच नाही. आपल्याकडे धान्याचं पेव जमिनीत का करत, याच्याशी याचं जवळचं नातं आहे.

ऋतूंचा बदल मात्र खोलवर उतरतो, आणि अँटेनावर चढणारा केबलचा भाग उघड्यावरच असतो. त्यासाठी खगोलशास्त्रज्ञ दुसरी युक्ती करतात. निरीक्षण चालू असताना मध्ये मध्ये, साधारण अर्ध्या तासाने, दुर्बीण एखाद्या ओळखीच्या ठळक स्रोताकडे वळवतात. त्याची जागा पक्की माहीत असल्यामुळे प्रत्येक अँटेनाची कला किती सरकली ते लगेच कळतं, आणि तेवढी दुरुस्ती केली जाते. सोनार जसा अधूनमधून माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासतो, तसं.

मग मोबाइलवाले असंच का करत नाहीत?

रास्त प्रश्न. टॉवरवरची अँटेना आणि खालची यंत्रणा यांच्यात आजकाल फायबरच असतं. पण बहुतेक ठिकाणी त्यात रेडिओ लहर जात नाही, तिचे आकडे जातात. लहरीचं सेकंदाला कोट्यवधी वेळा मोजमाप करायचं आणि ते आकडे पाठवायचे. आकडे वाटेत विस्कटत नाहीत, खरखर-विकृतीची कटकट नाही. मग अडचण काय?

अडचण आकड्यांच्या संख्येची. ४जीचं २० मेगाहर्ट्झचं एक चॅनेल घ्या. सेकंदाला ३ कोटी ७ लाख २० हजार नमुने, प्रत्येक नमुन्याचे दोन भाग, प्रत्येक भाग १५ बिटांचा. झाले सेकंदाला ९२१.६ मेगाबिट. नियंत्रणाची आणि कोडिंगची भर घालून १२२८.८. दोन अँटेना असतील तर २४५७.६ मेगाबिट. आणि ग्राहकाला त्यातून जास्तीत जास्त मिळतो सुमारे १५० मेगाबिटचा वेग. पोतंभर भुशात मूठभर दाणे!

५जीत हे हाताबाहेर जातं. १०० मेगाहर्ट्झचं चॅनेल आणि ६४ अँटेनांचं पॅनेल असा तोच हिशोब केला तर सेकंदाला सुमारे २३६ गिगाबिट होतात, एका पॅनेलसाठी. म्हणून २०१७ मध्ये 'ई-सीपीआरआय' नावाची नवी पद्धत आली. तिच्यात थोडी आकडेमोड वर टॉवरवरच उरकतात आणि खाली कमी माहिती पाठवतात. पण मग टॉवरवरची पेटी जड झाली, महाग झाली, विजेची भुकेली झाली.

खोडदची रीत इथे परत आकर्षक वाटायला लागते. १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल फायबरवर अॅनालॉग पाठवला तर त्याला १०० मेगाहर्ट्झचीच जागा लागते. टॉवरवर फक्त फोटोडायोड, अॅम्प्लिफायर आणि अँटेना. सगळं डोकं खाली, एका खोलीत.

२६ गिगाहर्ट्झला काच दगा देते

मग मी पीएचडीत काय करते? तर हीच रीत फार वरच्या कंप्रतांना न्यायची झाल्यावर जी एक विचित्र अडचण येते, तिच्याशी झटापट.

भारतात २०२२ च्या ५जी लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला. या लहरी फार लांब जात नाहीत, भिंतीने अडतात. म्हणून त्यांना जवळजवळ अशा पुष्कळ छोट्या अँटेना लागतात. लक्ष्मी रस्त्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी दर काही खांबांमागे एक, असं समजा. प्रत्येक खांबावर महागडी पेटी बसवणं परवडणार नाही, तेव्हा रेडिओ ओव्हर फायबर हवं.

पण प्रकाशाचं तेज रेडिओ लहरीने हलवलं की मूळ रंगाच्या दोन्ही बाजूंना दोन नवे रंग तयार होतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. फोटोडायोडवर हे दोन्ही मूळ रंगाशी मिसळतात आणि दोघेही तीच रेडिओ लहर परत देतात. दोघांची बेरीज म्हणजे आपला सिग्नल. मात्र १५५० नॅनोमीटरला काचेत वेगवेगळ्या रंगांचा वेग किंचित वेगळा असतो. याला विक्षेपण म्हणतात. त्यामुळे दोन रंगांनी दिलेल्या लहरी एका तालात राहत नाहीत. झोपाळ्याला दोघे जण एकदम ढकलत असतील तर झोका वाढतो, एक जण पुढे आणि दुसरा मागे ढकलत असेल तर झोपाळा जागच्या जागी. एका विशिष्ट अंतरावर सिग्नल चक्क शून्य होतो, प्रकाश भरपूर असूनही!

हे अंतर कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. साध्या फायबरसाठी १४५० मेगाहर्ट्झला ते येतं सतराशे किलोमीटरच्या वर, त्यामुळे खोडदला १४ किलोमीटरवर याची चिंताच नाही. २६ गिगाहर्ट्झला तेच अंतर होतं सुमारे ५.४ किलोमीटर. म्हणजे शिवाजीनगरहून कोथरूडला सिग्नल पाठवायचा आणि बरोबर तिथेच तो गायब व्हायचा.

उपाय आहेत. दोन बाजूंच्या रंगांपैकी एक मुद्दाम दाबून टाकायचा, म्हणजे भांडायला दुसरा उरतच नाही. किंवा १३१० नॅनोमीटरला काम करायचं, जिथे साध्या फायबरचं विक्षेपण शून्याच्या जवळ असतं, पण घट जास्त सोसावी लागते. किंवा दोन वेगळे लेझर २६ गिगाहर्ट्झच्या फरकाने ठेवायचे आणि फोटोडायोडवर त्यांच्या मिश्रणातून रेडिओ लहर तयार करायची. प्रत्येक उपायात काहीतरी मिळतं आणि काहीतरी सुटतं. कमी खर्चात कोणता उपाय कुठे पुरतो, हे शोधण्यात माझी वर्षं चालली आहेत.

गंमत म्हणजे खोडदचे खगोलशास्त्रज्ञ वेगळ्याच विक्षेपणाशी झुंजतात. स्पंदक ताऱ्यांकडून, म्हणजे पल्सारकडून निघालेली एकच ठोक अवकाशातल्या इलेक्ट्रॉनांमधून येताना पसरते. वरच्या कंप्रता आधी पोचतात, खालच्या मागून रेंगाळत येतात. सुधारित जीएमआरटी वेगवेगळ्या कंप्रतांवर एकाच वेळी ऐकून हा फरक फार नेमका मोजते. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर भारतीय पल्सार टायमिंग अॅरेने अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर केल्या, तेव्हा हे मोजमाप त्यांच्या हाताशी होतं. अवकाशातला विलंब नॅनोसेकंदांत मोजायचा, तर खोडदच्या मातीखालच्या काचेचा विलंब आधी कह्यात हवा.

शेजारधर्म

शेवटी एक अवघड गोष्ट. जीएमआरटीसाठी खोडद निवडलं त्यामागचं एक मोठं कारण शांतता होतं. शहर दूर, आजूबाजूला डोंगरांची आड. पण तीस वर्षांत नारायणगावची बाजारपेठ वाढली, टोमॅटोचा व्यापार मोबाइलवर आला, आणि प्रत्येकाला खिशात पुरेशी रेंज हवी आहे. ती मागणी अगदी योग्य आहे. ५जीच्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झवर असतो. सुधारित जीएमआरटीचा एक महत्त्वाचा पट्टा आहे ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ. सुमारे ७ अब्ज वर्षांपूर्वीच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन बरोबर याच ७८० च्या आसपास येते. म्हणजे शेतकऱ्याच्या फोनची घंटी आणि ७ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन एकाच खुर्चीवर बसायला आले आहेत. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाचा प्रश्नही याच दुर्बिणीमुळे चर्चेत आला, हे तुम्ही वाचलं असेलच.

फायबर यावर जादूची कांडी नाही. फोनशी शेवटचे काही मीटर तरी हवेतूनच बोलावं लागतं. पण एका उंच टॉवरने वीस गावांवर ओरडायचं, की गावागावांत फायबर नेऊन छोट्या अँटेनांनी हळू आवाजात बोलायचं, ही निवड आपल्या हातात आहे. दुसऱ्या रीतीत क्षितिजापार जाणारा गोंगाट कमी ठेवता येतो, आणि गावाला नेटवर्क मिळतं ते मिळतंच. तिचा खर्च कमी करणं हे अभियांत्रिकीचं काम आहे. तो खर्च कोणी उचलायचा हे ठरवणं मात्र धोरणाचं, आणि तिथे शेतकऱ्याला 'विज्ञानासाठी थोडी कळ सोसा' एवढंच सांगून चालणार नाही.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदला जीएमआरटी सगळ्यांना पाहायला खुली असते. शाळकरी मुलांचं प्रदर्शनही असतं, जत्रेसारखी गर्दी होते. गेलात तर सगळे वर तबकडीकडे बघत असतील. तुम्ही एकदा खाली, पायथ्याकडेही बघा. आकाशातून आलेलं सगळं काही तिथूनच, केसाएवढ्या काचेतून, जमिनीखाली उतरतं.